बाईंची कॉफी

माणसाची ओळख त्याच्या शब्दांतून होते, असं बाई मुख्याध्यापिका असताना दरवर्षी शाळेच्या संमेलनात सांगायच्या. आणि आता समोर हा कान तुटलेला कप, कपात कॉफी, कॉफीवर धरत चाललेली साय... नको असलेली, आणि स्वतःच्याच तोंडाने मागितलेली.

डोक्यात चहाच होता. कडक, साखर कमी — सगळा तयार. फक्त तोंडापर्यंत येईतो त्याची कॉफी व्हायची. पक्षाघाताचा झटका आल्यावर डॉक्टरांनी मेंदूचं चित्र काढून समजावलं होतं. चित्र छान होतं. मग वाचनालयाच्या वरच्या खोलीतला हा गट, सगळे झटक्याने शब्द हरवलेले, आणि तो चालवणाऱ्या ताईंनी पहिल्याच बुधवारी विचारलं, "बाई, काय घेणार?" "कॉफी," बाई म्हणाल्या. तिथेच दुरुस्त करायला हवं होतं. पण दुरुस्ती म्हणजे हातवारे — आणि "तोंड दिलंय ना देवाने? पूर्ण वाक्यात सांग!" म्हणून पोरांना दटावण्यात जिची हयात गेली, तिने चहाच्या किटलीकडे बोट दाखवायचं? त्यापेक्षा कॉफी परवडली. ती दर बुधवारी परवडत गेली. खाली बाकावर वाट पाहणाऱ्या यजमानांच्या कानावर हे गेलं आणि घरातला चहाचा डबा वरच्या फळीवर चढला. "तिची आवडच बदलली हो," ते फोनवर सांगत सुटले... कौतुकाने, जणू बाई पहिल्या नंबराने पास झाल्या.

कॉफी गिळता येते. पण संध्याकाळी मुलगा येणार होता. "आईला विचारल्याशिवाय घर विकायचं नाही," असं तो सगळ्यांना बजावून बसला होता — गुणी मुलगा. तो विचारणार, "विकूया ना, आई?" आणि डोक्यात 'नाही' असताना आपल्या तोंडून 'हो' निघालं तर? निघतंच. परवा नळ चालू ठेवू का विचारलं तेव्हाही निघालं होतं.

समोर ड्रायव्हर बोलत होता. जन्मभर बस चालवलेला माणूस. झटक्यानंतर त्याच्याकडे "चला" एवढा एकच शब्द उरलेला. त्या शब्दावर, दोन्ही हातांवर आणि एका पायावर तो शेजाऱ्याच्या कुत्र्याची हकीकत सांगत होता. मध्ये कोणी शब्द पुरवायचा नाही, हा गटाचा नियम. ड्रायव्हरने दात विचकले, पोटरी धरली, शेवटी ऐटीत हात झटकला — "चला!" कुत्रा त्याला नव्हे, शेजाऱ्यालाच चावला होता. खोली खदखदून हसली. अख्ख्या गोष्टीत एकही पूर्ण वाक्य नव्हतं, हे बाईंच्या लक्षात आलं, आणि काहीच अडलं नव्हतं, हेही.

"बाई, गार झाली की तुमची कॉफी. दुसरी आणू?"

"हो," तोंड म्हणालं.

आणि डावा हात — उजवा आता नुसता सोबतीला असतो — कप दूर सारून वर उठला. बोट किटलीकडे गेलं. तिथेच राहिलं.

"चहा?" ताई थांबल्या. बाईंनी मान डोलावली. "अहो, मग इतके दिवस...?"

"चलाऽ!" ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. सगळे हसले — बाईंनाच हसले, त्यात शंका नव्हती. बाईही हसल्या, चेहऱ्याच्या चालू बाजूने.

खाली यजमान बाकावरून उठले. "झाली का गं कॉफी?"

"हो."

ते वळले. बाईंनी त्यांची बाही पकडली. मान हलवली — नाही.

"काय गं? दमलीस? पाणी हवंय? पिशवी वर राहिली?" नाही. नाही. नाही. बाही सुटेना. यजमानांचे अंदाज संपले आणि ते बाहीवरच्या हाताकडे बघत थांबले. त्यांना तशी सवय नव्हती. वाट पाहत असलेला तो चेहरा बाई पाहत राहिल्या... घाई नव्हती. तोंडाला जे म्हणायचं ते म्हणू दे. संध्याकाळी फक्त मुलाला डावीकडे बसवायला हवं, बाही हाताशी येईल असा. त्यानंतरचं त्यानंतर.

राहता राहिला ताईंनी दिलेला चहा. तो पाणचट होता. त्यापेक्षा कॉफी बरी.