माझ्या तळाचे गोल भोक

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक घर डोळ्यांसमोर आणा. छोटेसेच आणा, फार मोठे झाले तर रस्त्यात मावणार नाही. त्याला एक दार द्या, दोन खिडक्या द्या, एक पलंग आणि एक शेगडी द्या. ताटल्यांसाठी कपाट द्या, पण त्याला कडी लावायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच वळणावर सगळ्या ताटल्या तुमच्या डोक्यात येतील. आता त्या घराला खालून चाके लावा. लावलीत? मग तुम्ही मला पाहिलेत.

मी एक जुनी कॅराव्हॅन आहे. मुले मला घरगाडी म्हणतात आणि मलाही तेच नाव आवडते.

जन्मतः मी मालवाहू गाडी होते. पाठीवर बटाट्याची पोती आणि पोटात धूळ, एवढेच माझे जग. मग एका सुतारकाकांनी माझ्या पाठीवर घर बांधायला घेतले. ते प्रत्येक फळी आधी बोटाने वाजवून पाहत आणि कान देऊन ऐकत. माझ्या घरात एकही वस्तू एका कामाची नव्हती. पलंग उचलला की पेटी व्हायची, टेबल मिटले की कपाटाचे दार व्हायचे. सगळे झाल्यावर काकांनी शेगडीच्या खाली, थेट माझ्या तळालाच, बशीएवढे गोल भोक पाडले आणि त्याला जाळी ठोकली. मला फार वाईट वाटले. नव्याकोऱ्या कपड्याला कोणी भोक पाडते का?

माझे पहिले मालक म्हणजे एक मास्तर आणि त्यांच्या पत्नी. सुतारकाकांनी त्यांना ते भोक मुद्दाम दाखवले. म्हणाले, "हे कधी बुजवू नका. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो. चुकून गळला, तर सांडलेल्या पाण्यासारखा खाली साचतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी."

तेव्हा कुठे माझा रुसवा गेला. ते भोक नव्हते तर, ते माझे नाक होते!

मास्तरांबरोबर मी डोंगर पाहिले, समुद्र पाहिला, चुकलेले रस्ते तर पुष्कळच पाहिले. जिथे थांबू तिथे लोक जमत, आत डोकावत आणि म्हणत, "अरे वा, मोरीसुद्धा आहे!" पण मास्तर थकले, त्यांची नजर मंदावली आणि मी एका गॅरेजच्या मागे पत्र्याखाली येऊन उभी राहिले. चाकांतली हवा गेली. पडद्यांना कसर लागली. एका मांजरीने माझ्या मोरीत पिल्ले घातली, ती मोठी होऊन निघूनही गेली. रोज शेजारून गाड्या दुरुस्त होऊन जात आणि मी त्यांच्या चाकांचा आवाज ऐकत राही.

अखेर मला नवे घर मिळाले. गॅरेजवाल्याने नव्या मालकांना किल्ली दिली, जॅक दिला, जास्तीचे चाकही दिले. भोकाची गोष्ट मात्र द्यायची राहून गेली.

नवे मालक गाद्या आणि पडदे शिवणारे होते. खाली दुकान, वर घर. नवरा मापे घेई आणि कापड कापी, बायको ते शिवत असे. त्यांची एक मुलगी होती. ती एका जागी कधी उभी राहत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आणि भिंगरीचे आजोबा होते, ज्यांच्यासाठी मला आणले गेले होते.

आजोबा आयुष्यभर पोहायला शिकवत होते. अर्ध्या गावाला त्यांनी हातपाय मारायला शिकवले, पण ते फरशीच्या तलावात. मोठ्या आजारातून उठल्यावर एकदा ते मुलाला म्हणाले, "जन्मभर चार भिंतींतलं पाणी पाहिलं रे. एकदा मला बिनभिंतीचं पाणी दाखव."

असे पाणी होते. खूप दूर, जंगलाच्या पोटात एक सरोवर होते आणि त्याच्या काठी एक उद्यान. बाबांनी तिथल्या चौकीदाराला फोन केला. तो म्हणाला, "या की! पण इथं खोली नाही, दुकान नाही, दिवा नाही. पाणी, गॅस, अंथरूण, सगळं तुमचं तुम्ही आणायचं. आणि शेवटचा रस्ता खडबडीत आहे हां, दात सांभाळा."

डॉक्टरांनी आजोबांना जायला परवानगी दिली, पण एका अटीवर. पाय गारठता कामा नयेत. आजारानंतर त्यांच्या पायांत ऊब अशी राहतच नसे. म्हणजे आजोबांची सहल माझ्यावर अवलंबून होती आणि माझे भाग्य त्यांच्या सहलीवर. मी पुन्हा रस्ता पाहणार होते!

सगळे घर तयारीला लागले. पाण्याची टाकी घासली. चाकांखाली द्यायला लाकडाचे ठोकळे कापले, कारण सरोवराच्या काठी जमीन उतरती होती. भिंगरीने स्वतःच्या पिशवीत काय काय भरले ते विचारू नका, आईने त्यातून एक वीट बाहेर काढली.

"ही कशाला गं?"

"नांगर! होडीला लागतो."

"आपण होडी नेतोय का?"

"नाही, पण नांगर तरी असू दे."

आणि मित्रांनो, याच तयारीत चूक झाली. पडदे शिवणाऱ्यांना फट सहन होत नाही. फट दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. त्या दोघांनी माझ्या खिडक्यांच्या फटी बुजवल्या, दाराला जाड लोकरी नमद्याची पट्टी लावली. मग भिंगरी शेगडीखाली आडवी झाली आणि ओरडली, "बाबा, इथून गवत दिसतंय!"

बाबा वाकले. "जुन्या गाडीला भोकं पडायचीच."

"पण आपोआप पडलेलं भोक इतकं गोल कसं? आणि जाळी कुणी लावली?"

"उंदरासाठी लावली असेल."

"मग भोकच बुजवलं असतं ना त्यांनी!"

आई हसली. "वकीलबाई, गोल असो नाहीतर चौकोनी, वारा आत येतोय. आजोबांचे पाय गारठायला हवेत का?"

भिंगरी शेगडीखालून बाहेर सरकली. आईने जाड फोम कापला, त्यावर दुहेरी कापड चढवले, कडेने गोट लावला आणि ती गोल गादी भोकात घट्ट बसवली. काम इतके सुबक होते की मला ओरडावेसे वाटत असूनही क्षणभर कौतुक वाटले. पण गाडी ओरडणार कशी? तिचा भोंगाही दुसऱ्याने दाबावा लागतो.

निघण्याआधी आई म्हणाली, "एकदा इथे अंगणातच राहून बघू. काय विसरलं ते आत्ताच कळेल." म्हणून दुपारी सगळे माझ्यात राहायला आले. बाहेर वारा सुटला होता, आत कसे उबदार होते. शेगडीवर चहाचे आधण ठेवून आई-बाबा बाहेर कापडी छत ताणायला गेले. आजोबा पलंगावर बसले होते. भिंगरी खाली जमिनीवर बसून दोन केरसुण्यांनी होडी वल्हवत होती.

"अगं, पाण्याला झाडतेस काय? ओढ त्याला! कंबरेतून मागे जा."

"आजोबा, होडी पुढे जातेय का?"

"भिंतीला धडकलीस केव्हाच!"

दोघांच्या हसण्यात आधण उतू गेले ते कोणाला कळले नाही. पाणी ज्योतीवर पडले आणि ज्योत विझली. गॅस मात्र येतच राहिला. तो खाली उतरला आणि माझ्या तळाशी वाट शोधू लागला. वाट नव्हती. मला ते सगळे कळत होते, आणि मी नुसती उभी होते.

भिंगरीचे हात थांबले. "आजोबा, कसला तरी घाण वास येतोय."

आजोबांनी वास घेतला. "मला नाही येत."

भिंगरी उभी राहिली. "आता मलाही नाही येत." ती पुन्हा खाली बसली, नाक जमिनीजवळ नेले आणि चटकन मागे सरली. "खाली येतोय! खूप येतोय!"

तेवढ्यात बाबा आत आले. "अरेच्चा, विझला वाटतं," असे म्हणत त्यांनी काड्यापेटी उचलली.

"बाबा, नको!" भिंगरी किंचाळली. आणि तिच्या मागोमाग आजोबांचा आवाज आला, भरलेल्या तलावाच्या पलीकडच्या काठावरही ऐकू जाईल असा.

"थांब!"

बाबा लहानपणी याच आवाजावर पोहायला शिकले होते. त्यांचा हात जागीच थिजला. काडी ओढली गेली नाही. त्यांनी शेगडीची कळ फिरवली, दार सताड उघडले, आजोबांना उचलले आणि सगळे अंगणात आले. मी वाऱ्यात उघडी उभी राहिले. माझ्यातला वास गेल्यावर बाबांनी सिलिंडर बंद केला, शेगडीखालची गोल गादी उपसली आणि शेजारच्या गॅसवाल्याला बोलावून आणले. तो भोकाकडे पाहून एवढेच म्हणाला, "गॅस जायची वाट बुजवली होती? कुणी?"

आई पायरीवर बसली. गोल गादी तिच्या मांडीवर होती. "मी," ती म्हणाली. "इतकं जीव लावून शिवलं, आणि तेच आपल्या जिवावर उठलं असतं. नको ती सहल. गाडी परत देऊन टाका."

"गाडीचं काय चुकलं?" आजोबांनी विचारले.

"कुणाचंच चुकलं नाही, अण्णा. पण भोक उघडं ठेवलं तर तुमचे पाय गारठणार, आणि बुजवलं तर हे असं. मग करायचं काय?"

आजोबांनी मान हलवली आणि ते रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिले. मीही तिकडेच पाहत होते. मला पत्र्याखालची ती जागा आठवत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात जुन्या वस्तू असतील. एखाद्या कपाटाला विचित्र खाच असेल, एखाद्या झाकणाला छिद्र असेल. ते बुजवण्याआधी जरा थांबा. ज्याने ती वस्तू केली, त्याने तसे का केले असेल, हे कोणाला तरी विचारा. आणि लहान मुलाने असा प्रश्न विचारला, तर मोठ्यांनो, हसण्याआधी त्याचे उत्तर शोधा. आम्हां वस्तूंना बोलता येत नाही हो.

भिंगरी इतका वेळ एका जागी उभी होती. असे आधी कधी झाले नव्हते. मग ती दुकानात पळाली आणि गळ्यात आईची मापाची पट्टी घालून परत आली.

"आई, गाडीला थंडी वाजतच नाही," ती म्हणाली. "थंडी आजोबांच्या पायांना वाजते. मग आपण गाडीला कशाला शिवलं? आजोबांच्या पायांसाठी गादीचे मोजे शिवू!"

आणि आजोबांच्या पुढ्यात गुडघे टेकून तिने त्यांचा एक पाय मांडीवर घेतला आणि टाचेपासून माप घ्यायला सुरुवात केली.