बारा सेकंदांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझ्यावर एकच ओळ लिहिलेली आहे आणि गेली कित्येक वर्षे ती कोणी पुसलेली नाही. फळ्याच्या जातीला हे शोभणारे नाही, ते मला कळते. पण ही ओळ पंधरा वर्षे उशिरा लिहिली गेली, म्हणून तिला राहू दिले आहे. आयुष्यात मी एकदाच खोटे बोललो. त्याचीच ही गोष्ट.

ला एस्पेरा गावच्या सुताराने मला घडवले. काळा रंग देऊन त्याने मला अंगणात वाळत ठेवले आणि तो माते, म्हणजे आमच्याकडचा कडू चहा, प्यायला आत गेला. तेवढ्यात एक कोंबडी माझ्यावरून चालत गेली. खालच्या डाव्या कोपऱ्यात तिच्या पायाचा ठसा उमटला, तो कायमचा. सुताराने कपाळाला हात लावला, पण पुन्हा रंग देण्याचे कष्ट काही घेतले नाहीत. पुढे त्या ठशात खडूची पूड साचून तो पांढरा दिसू लागला. गणिताच्या तासाला मुले त्याच्याकडेच बघत बसायची.

शाळेत मी सुखात होतो. ओफेलिया बाईंचे अक्षर टपोरे. प्रत्येक उत्तराखाली दोन रेघा ओढायची त्यांना सवय होती. चुकीचे काही लिहिले गेले तर त्या लगेच पुसत. त्यामुळे मला जरा ताठाच चढला होता. माझ्यावर आहे म्हणजे ते खरेच असणार, असे मला वाटे.

वर्षातून एकदा मोटारींची शर्यत आमच्या गावावरून जाई. शेकडो मैलांचा मातीचा रस्ता. गाड्या एकेक मिनिटाच्या अंतराने सुटत आणि ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागे तो जिंके. त्यामुळे धुळीत एकट्याने धावणाऱ्या चालकाला आपण पुढे आहोत की मागे, ते कळायला मार्ग नसे. ते गावे सांगत. प्रत्येक गाव आपल्या शाळेचा फळा रस्त्यावर उभा करी, रेडिओ ऐके आणि येणाऱ्या गाडीसाठी तिचा हिशेब लिही. चालक आपला असो की परक्या गावचा, फळ्यावर खरेच लिहायचे. हा नियम कुठे छापलेला नव्हता, पण तो कोणी मोडल्याचेही ऐकिवात नव्हते.

त्या मोसमातली शेवटची शर्यत होती. अजिंक्यपद दोघांत अडकले होते. एक आमचा रुफिनो, ओफेलिया बाईंचा धाकटा भाऊ. दुसरा शेजारच्या गावचा अनिबाल कोर्वालान. अनिबालच्या गाडीत त्याचा सख्खा भाऊ सेल्सो बसे. वाटेतले फळे वाचून सांगणे हे सेल्सोचे काम. मला रेल्वेच्या फाटकापाशी ठेवले होते, कारण रुळांवरून जाताना गाड्यांना हळू व्हावेच लागे. माझ्यापुढे शर्यत संपेपर्यंत एकही गाव नव्हते. म्हणजे शेवटचा शब्द माझा.

रुफिनो आमच्यासमोरून गेला. त्याचे इंजिन खिळ्यांचा डबा हलवावा तसे वाजत होते. औषधांच्या दुकानाचे मालक एउसेबिओ रेडिओला कान लावून बसले होते.

"अनिबाल बाराच सेकंद मागे आहे," ते म्हणाले. "आणि आपल्या गड्याचं इंजिन असं रडतंय. गेलं म्हणा अजिंक्यपद."

"काय लिहू?" बाईंनी विचारले.

"काय म्हणजे? बारा सेकंद मागे. हां, दोन मिनिटं पुढे म्हणून लिहिलंस तर मात्र अनिबाल निवांत होईल."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू उचलला आणि 'दोन मिनिटे पुढे' असे लिहिले. खाली दोन रेघा ओढल्या. एरवी खडू माझ्यावर किती करकरतो, पण तेव्हा साधा आवाजही आला नाही.

"अगं, मी गंमत केली," एउसेबिओ पुटपुटले. पण पुसायला कोणी पुढे आले नाही. मीही उभाच राहिलो.

अनिबालची गाडी आली. सेल्सो खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. "दोन मिनिटं पुढे आहोत," तो भावाला ओरडून म्हणाला. "सावकाश घे रे, इंजिन सांभाळ." गाडी फाटक ओलांडून गेली, पण तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढला नाही. धूळ खाली बसायच्या आत बाईंनी मला पुसले.

अनिबाल सात सेकंदांनी हरला. संध्याकाळी माझ्यावर 'रुफिनो आमचा राजा' असे लिहून मला चौकात मिरवले. बँड वाजला, माझ्याजवळ उभे राहून लोकांनी फोटो काढले. मित्रांनो, मला ते आवडले. याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अनिबालच्या गावचा एक माणूस फळ्यावर काय लिहिले होते ते विचारायला आला. "शाळेचा फळा आहे तो," एउसेबिओ म्हणाले. "त्यावर खोटं कोण लिहील?" बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

त्यानंतर बाईंनी नवा फळा मागवला. मी शाळेमागे, पाणी ओढणाऱ्या पवनचक्कीच्या खोलीत जाऊन पडलो. पंधरा वर्षे कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. तक्रार करायला मला तोंड नव्हते.

एक दिवस चक्की बंद पडली आणि ती दुरुस्त करायला परगावचा मिस्त्री आला. तो अनिबाल होता. केस पिकलेल्या ओफेलिया बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याला ओळखले, त्याने मात्र त्यांना ओळखले नाही. पाना उचलायला तो वाकला आणि माझ्या कोपऱ्याकडे बघतच राहिला.

"हा कोंबडीचा पाय..." तो म्हणाला. "बाई, हा फळा शर्यतीला रस्त्यावर असायचा का हो?"

"असायचा."

तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला. "माझा भाऊ सेल्सो शपथा घ्यायचा. म्हणायचा, लेका, मला कोपऱ्यातला कोंबडीचा पाय दिसला, मग आकडा दिसला नसेल होय? मी म्हटलं, वाचायला चुकलास ते चुकलास, वर आता कोंबड्या कशाला आणतोस मध्ये? शाळेचा फळा खोटं बोलेल, हे मनातच आलं नाही. पंधरा वर्षं झाली, आम्ही बोलत नाही."

आता काहीतरी थाप मारून बाई सुटतील, अशी मला भीती वाटली. पण त्यांनी शाळेत घालायच्या पांढऱ्या झग्याच्या खिशातून खडू काढला, बाहीने माझ्यावरची जाळी पुसली आणि लिहिले, 'बारा सेकंद मागे'. खाली दोन रेघा.

"हे लिहायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी दोन मिनिटं पुढे लिहिलं. तुमच्या भावाने लिहिलं होतं तेच वाचलं. रुफिनो माझा भाऊ आहे."

अनिबालने पाना उचलून मांडीवर ठेवला. मग विचारले, "त्याला हे ठाऊक आहे?"

"नाही."

"त्यालाही सांगा."

त्याने आधी चक्की दुरुस्त केली. पाणी आल्यावर हात धुतले आणि विचारले, "फळा नेऊ?"

"न्या. पुसू नका फक्त," बाई म्हणाल्या.

ट्रकमध्ये त्याने आपला कोट माझ्यावर हलकेच पांघरला. सेल्सोच्या गॅरेजसमोर गाडी थांबली. सेल्सो हात पुसत बाहेर आला आणि भावाला बघून जागीच थबकला. अनिबालने मला भिंतीला टेकवून उभे केले.

"वाच," तो एवढेच म्हणाला.

सेल्सोने आधी कोपऱ्यातला कोंबडीचा पाय पाहिला. मग इंजिनाच्या आवाजावर ओरडावे तसा तो मोठ्याने म्हणाला, "बारा सेकंद मागे." जरा थांबून त्याने विचारले, "आता तरी बरोबर वाचलं का?"

"तेव्हाही बरोबरच वाचलं होतंस," अनिबाल म्हणाला.

तेव्हापासून मी इथेच, सेल्सोच्या गॅरेजच्या भिंतीवर आहे. रविवारी दोघे भाऊ माझ्याखाली बसून माते पितात आणि पाणी कोणी जास्त गरम केले यावरून भांडतात.

मित्रांनो, तुमच्या फळ्याला ओले फडके लावा, उन्हात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याच्यावर कधी खोटे लिहिलेत, तर नुसते पुसून मोकळे होऊ नका. त्याच जागी खरे लिहा, आणि लवकर लिहा. माझ्यावरचे खोटे धूळ बसायच्या आत पुसले गेले होते. सेल्सोच्या कपाळावर मात्र ते पंधरा वर्षे राहिले.