फेल सूर्यभानचं घर

मी फेल बोलतोय. हो, तोच, साहेबाच्या मुलखातून आलेला दोन अक्षरांचा जीव. मूर्तिजापूरच्या स्टेशनात छोट्या गाडीचं इंजिन बंद पडलं, ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला, "इंजन फेल!" म्हणाला, आणि डब्यातल्या लोकांनी मला आपापल्या गावी नेलं.

मग काय विचारता! अंजनगाव सुर्जीत माझ्यावाचून पान हलेना. पाऊस दडी मारून बसला, पाऊस फेल. संत्र्याचं कलम धरलं नाही, कलम फेल. दूध नासलं की चहा फेल. पत्त्यांचा डाव उलटला की, "केशवराव, फेल झाले तुमी!" सगळे हसत. मलाही मजा वाटे.

पुढे सूर्यभान मॅट्रिकला बसला. पार्बताबाईचा एकुलता एक. नवरा गेल्यावर तिनं वांगी-मेथी विकून त्याला अमरावतीला शिकवलं होतं. निकाल लागला आणि मी त्याच्या अंगावर येऊन बसलो. गल्लीत दुसराही एक सूर्यभान होता, म्हणून ओळखायला सोपं जावं अशा बेतानं लोक याला 'फेल सूर्यभान' म्हणू लागले. वाईट हेतू नव्हता हो कोणाचा! त्यानं मळा असा पिकवला की व्यापारी बांधावर यायचे. पण तेही विचारायचे, "फेलचा मळा कोनता?" पार्बताबाई मात्र त्या नावाला कधी ओ देत नसे.

एकदा पथ्रोटचे उत्तमराव मुलीसाठी स्थळ पाहायला आले. स्टेशनवर लोकांनी सांगितलं तसंच त्यांनी दारात विचारलं, "फेल सूर्यभानचं घर हेच काय वो माय?"

कोण, कुठले, हे न विचारताच बाई तडकली. "असा कोनी नाई राहत इथं!"

पाहुणे वळले. सूर्यभान परसात होता, त्यानं सगळं ऐकलं. आईनं सुनेसाठी किती नवस बोलले, हे त्याला ठाऊक होतं. चिखलाच्या हातांनीच तो धावला.

"पाव्हनं, थांबा! मीच तो. मीच फेल सूर्यभान."

सोयरीक जमली. चहा झाला. पार्बताबाई चुलीपुढे तोंडाला पदर लावून रडत होती.

"माय, कावून रडतं?"

"तुया तोंडून आलं रे ते."

मलाही माझीच शरम वाटली. मूर्तिजापूरचं ते इंजिन बंद पडलं त्याच संध्याकाळी दुरुस्त होऊन गेलं, त्याला पुन्हा कोणी फेल म्हटलं नाही. बाप्पा हो, या पोराच्या अंगावरूनही मला उतरवा. दिवाळीनंतर उत्तमरावांची जमुना सून होऊन या घरात येईल. त्याआधी उतरवा, नाहीतर पहिल्याच दिवशी विहिरीवर बाया तिला विचारतील, "तू फेलची बायको काय वो?"