गाडीपुरती जागा

रघुवीर देवस्थळींनी निवृत्तीनंतर शाळेच्या मुलांची एक जुनी व्हॅन विकत घेतली. तिच्यात गादी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. बायकोला, दर्शनाला, घेऊन घाटाघाटांतून हिंडायचं, आवडेल तिथं मुक्काम करायचा, असा बेत होता. बेतात खोट एकच होती. गाडी गिरगावात राहत होती.

चाळीसमोर एका गाडीपुरती जागा होती. गाडी हलली की ती कोणीतरी घेणार, हे ठरलेलं. म्हणून रघुवीर गाडी बाहेर काढत तेव्हा दर्शना तिथं लोखंडी खुर्ची टाकून मेथी निवडत बसायची. ते परतले की खुर्ची उचलायची, मागे उभी राहायची आणि पत्र्यावर थापा मारत ओरडायची, "येऊ दे, येऊ दे... बस्स!" पेट्रोल भरून, फार तर वरळीला चक्कर मारून रघुवीर परत यायचे. दोघांनी मिळून हिंडायला घेतलेल्या गाडीतून दोघं मिळून कधी निघालीच नाहीत. "चाळीचा टॉवर झाला की पार्किंग मिळेल," दर्शना म्हणायची, "मग जाऊ." टॉवर अजून व्हायचाच होता. दर्शना मात्र गेल्या आषाढात गेली.

त्यानंतर गाडी हलली नाही. जागा धरायला होतं कोण? संध्याकाळी रघुवीर उभ्या गाडीत चहा करत आणि समोरच्या भिंतीकडे दरीकडे बघावं तसे बघत बसत.

शेवटी खोताच्या वाडीतला बाप्टिस्ट, त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, वैतागला.

"रघ्या, किती दिवस भिंत बघणार? जा डोंगरात. मी बसतो खुर्चीवर."

"तू? तुला पाच मिनिटं गप्प बसवत नाही."

"गप्प बसायला कोण सांगतोय रे? जागा धरायचीय ना?"

रघुवीर निघाले. पोलादपूर मागे पडलं, आंबेनळी घाट लागला. शेजारच्या सीटवर चिवड्याचा डबा होता. वळणावर तो घसरला की रघुवीर हात लावून त्याला सावरत.

एका वळणावर दरीच्या कडेला ऐसपैस मोकळं मैदान दिसलं. मागचं दार दरीकडे करावं म्हणून त्यांनी रिव्हर्स टाकला आणि थांबले. मागून कोणी ओरडेना. एवढी मोकळी जागा त्यांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती, आणि गाडी काही लावता येईना.

त्यांनी फोन लावला. "बाप्टिस्ट, ऊठ तिथून. जागा गेली तर जाऊ दे."

"वेडा झालास? आल्यावर गाडी काय डोक्यावर ठेवणार?"

"बघू तेव्हा. तू घरी जा."

पलीकडे हॉर्न वाजत होते.

"घरी काय आहे रे?" बाप्टिस्ट म्हणाला. "इथं सकाळपासून चार-पाच जण भांडून गेले माझ्याशी. माझी पर्पेच्युआ वारल्यापासून एवढं कोणी बोललं नव्हतं. तू आरामात ये."

फोन ठेवून रघुवीर उतरले. मागे जाऊन कठडा किती लांब आहे ते पाहिलं, पत्र्यावर दोन थापा मारल्या, पुन्हा येऊन बसले. आधी पुटपुटत, मग चांगलं मोठ्यानं म्हणाले, "येऊ दे, येऊ दे."

गाडी हळूहळू मागे सरकली. 'बस्स' कधी म्हणायचं, हे मात्र फक्त दर्शनाला कळायचं. मागचा एक दिवा कठड्याला लागून फुटला.