जागा सोडायची नाही

माझी आवडती खेळाडू पार परदेशातली. तिचं आडनाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून मी तिला नुसतं 'माझी पोरगी' म्हणते. वय तिशीच्या पुढे, मांडीला पट्टी बांधलेली, आणि मोठी स्पर्धा आजवर एकही नावावर नाही. टीव्हीवर इंग्रजीत बोलणारे लोक तिचं नाव घेताना सुस्कारा टाकतात. मला इंग्रजी कळत नाही, पण सुस्कारा कळतो. यजमान गेल्यापासून माझं नाव निघालं की लोक तसाच टाकतात.

टेनिसचा नाद लागला तोही ते गेल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत. संक्रांत झाली आणि आमच्या बोरी अरब गावात घरोघर हळदीकुंकू सुरू झालं. एरवी सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंजीची मधली जागा धरणारी ही इंदूबाई त्या वर्षी घरात बसली. मला कोणी 'येऊ नको' म्हटलं नाही. 'ये' म्हटलं नाही, एवढंच. टीव्ही लावला तर मालिकेत हळदीकुंकू. बातम्या लावल्या तर कुठल्याशा पुढाऱ्याच्या बायकोचं हळदीकुंकू. रागारागाने बटण दाबत गेले आणि एका ठिकाणी थांबले. निळं मैदान, मध्ये जाळी, इकडे एक बाई, तिकडे एक बाई, दोघी घामाघूम. कुणाचा नवरा आहे आणि कुणाचा नाही, हे विचारून कोणी चेंडू मारत नव्हतं. मी बसले ती बसलेच.

तेव्हापासून ऑस्ट्रेलियातली ही स्पर्धा म्हणजे माझा सण. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीसच का, हे मला कोणी सांगितलं नाही आणि माझं त्यावाचून काही अडलंही नाही. सून प्रेरणा यवतमाळात शिकलेली. आधी ती तोंडाला पदर लावून हसायची, मग माझ्या शेजारी येऊन बसायला लागली, आणि आता माझ्यापेक्षा जास्त ओरडते.

आम्हा दोघींचा एक नियम आहे. सामना चालू असताना जागा सोडायची नाही. यंदा उपांत्य सामन्यात नळ आला म्हणून मी उठले. हंडे भरून येते तर पोरगी अख्खा सेट घालवून बसलेली. कशीबशी जिंकली. प्रेरणा माझ्यावर जाम चिडली.

"आई, फायनलले तुम्ही हलायचं नाही. नळाचं मी पाहीन."

फायनल शनिवारी, आपल्या घड्याळात दुपारी दोनला. आणि प्रेरणाचं हळदीकुंकू कधी ठेवलं? त्याच शनिवारी. ठेवलं रुक्माबाईंनी. रुक्माबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. राहतात शेजारच्या घरात, पण सासूबाई गेल्यापासून आमच्या घरात काय व्हावं ते त्याच ठरवतात.

मी म्हटलं, "बाई, रविवारी ठेवू नं. शनिवारी माझा सामना आहे."

"टीव्हीपायी कोणी हळदीकुंकू पुढं ढकलते काय वं? अन् तुले त्याचं काय? तू त मागच्या खोलीत राह्यशील. अक्षयच्या फोनवर पाह्य तुझं टेनिस."

फोनवर! मोठ्या टीव्हीवर चेंडू तुरीच्या दाण्याएवढा दिसतो, फोनवर तो मोहरीएवढाही दिसत नाही. पण खरी चीड त्याची नव्हती. माझं घर, माझी बैठक, माझी सून, आणि माझी जागा मागच्या खोलीत, धान्याच्या पोत्यांजवळ. माझा मुलगा अक्षय तिथेच उभा होता. त्याने दोघींकडे पाहिलं आणि "वावरात कापूस वेचायले बाया लावल्या" म्हणून जो सटकला तो शनिवारी दिवे लागेपर्यंत घरात टिकला नाही. यजमानही अगदी असेच होते.

शनिवारी दोन वाजता मी बैठकीत सतरंजीच्या मधोमध मांडी घातली. पहिला सेट पोरगी हरली, दुसरा जिंकली. तिसरा सुरू झाला आणि दारात बांगड्या वाजायला लागल्या. नव्या साड्या, गजरे, लहान पोरी. पाठोपाठ रुक्माबाई आल्या आणि मला पाहून जागीच थांबल्या.

"इंदू, उठ न वं. बाया येऊन राह्यल्या."

"येऊ द्या. जागा आहे."

"असं काहून करतं? सुनेचं हळदीकुंकू आहे. अपशकुन करतं काय?"

"मी उठली की माझी पोरगी हारते," मी टीव्हीवरची नजर न काढता म्हटलं. "तोही अपशकुनच आहे."

बायांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. मला हसू आलं नाही. त्यांच्या हिशोबाने मी बसले की वाईट होणार, माझ्या हिशोबाने मी उठले की. मग दुसऱ्याचा हिशोब मी का मानू? कोपऱ्यातल्या वैष्णवीने, शेजाऱ्यांच्या नव्या सुनेने, हळूच विचारलं, "काकू, जिंकून कोण राह्यलं?" मी बोटाने दाखवलं. ती सरकत माझ्या जवळ आली. मग आणखी दोघी बसल्या. बघता बघता माझ्या दोन्ही बाजूंनी ओळ भरली आणि मी त्या ओळीच्या मध्ये आले.

प्रेरणाने कुंकवाचा करंडा घेतला आणि ओळीच्या टोकापासून सुरुवात केली. हळद, कुंकू, तिळगूळ, मग वाणाची स्टीलची ताटली. एक डोळा कपाळावर, एक टीव्हीवर. एकीला कुंकू भुवईतच लावलं. पोरगी तिसऱ्या सेटात चार-पाच अशी मागे होती. मी मुठी आवळून बसले होते. प्रेरणा माझ्या शेजारच्या बाईपर्यंत पोचली आणि पोरीचा चेंडू जाळीत गेला. संपलं.

हरली. मी जागा सोडली नव्हती तरी हरली.

रुक्माबाई लगेच बोलल्या. "झालं न आता? हारली न? आता त उठ."

खरं सांगते, तेव्हा माझे पाय उठायला निघालेच होते. सामन्याचं निमित्त होतं तोवर मी वाघीण होते. निमित्त संपलं आणि मला मागच्या खोलीचं दार दिसायला लागलं. प्रेरणा हातात करंडा घेऊन माझ्यासमोर तशीच उभी.

तेवढ्यात टीव्हीवर टाळ्या वाजल्या. मैदानात मंच मांडला होता आणि त्यावर आधी माझ्या पोरीला बोलावलं होतं. जिंकलेली मागे थांबली होती. हरलेली डोळे पुसत पुढे आली, दोन्ही हातांनी चांदीची ताटली घेतली, आणि एवढ्या लोकांसमोर उभी राहून बोलली. आवाज फाटला तरी बोलली.

मी टीव्हीकडे बोट केलं.

"बाई, ते पाहा," मी म्हटलं. "हारलेलीले बी तिथं मागच्या खोलीत धाडत नाहीत. पुढं बोलावतात, ताटली देतात. अन् मी त हारली बी नाही. माणूस गेला माझा. मी काय सामना हारली?"

"प्रेरणा," रुक्माबाईंचा आवाज चढला, "तिले सोड. पुढं जाय."

माझे पाय अजून अवघडलेले, धड बसलेले नाहीत, धड उठलेले नाहीत. प्रेरणाने ते पाहिलं. माझ्यापुढे गुडघे टेकून बसली आणि तिने माझ्या खांद्यावर हात दाबला.

"आई, जागा सोडायची नाही."

तिने हळद लावली. कुंकवाची चिमूट तिने इतकी भरून घेतली की थोडं माझ्या नाकावर सांडलं. मग तिने तिळगूळ दिला आणि ताटली माझ्या ओटीत ठेवली. मी रडले. सगळ्यांसमोर रडले, आणि पदराने कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून डोळे हाताने पुसले.

रुक्माबाई तडक दाराकडे वळल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. वैष्णवीने मात्र प्रेरणाला पुढची बाई दाखवली. "वहिनी, यांचं राह्यलं." ओळ पुढे सरकली.

संध्याकाळी ताटल्या आवरताना तीन उरल्या. उठून गेलेल्या दोघींच्या दोन मी बाजूला ठेवल्या. तिसरी घेऊन मी शेजारी गेले. रुक्माबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या.

"बाई, तुमचं वाण राह्यलं होतं."

त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग नाकाकडे. ताटलीला हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही. ताटली ओट्यावर ठेवली आणि वळले.

त्यांचं दार आणि माझं दार भिंतीला भिंत लागून. पण मी थेट घरी आले नाही. आधी खाली नळापर्यंत गेले, तिथून मारुतीच्या पारावरून, किराणा दुकानासमोरून, बस स्टँडवरच्या चहाच्या टपरीला वळसा घालून, हळूहळू चालत, भेटेल त्याच्याशी बोलत आले. नाकावरचं कुंकू मी पुसलं नव्हतं.