गाण्यानंतरची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे, तीही छोटी. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं, बस्स. कपाटातल्या मोठ्या तबकड्या माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. मुरडोत बापड्या! माझ्या अंगावर जे कोरलंय, ते त्यांच्या सात पिढ्यांत कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

माझी गायिका स्वतःच गाणी लिहायची, स्वतःच चाली लावायची. तिचे वडील तबकड्यांच्या कारखान्यात कोरणारे होते. फितीवर मुद्रित केलेलं गाणं वाजत असताना फिरत्या मऊ तबकडीवर यंत्राची सुई त्याची रेघ ओढते, कोरणारा ती सूक्ष्मदर्शकातून तपासतो आणि मग तिच्यावरून साचे बनतात. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण तरुणपण यंत्रांच्या धडधडाटात गेल्यामुळे त्यांचे कान पार गेले होते. ते गाणं डोळ्यांनीच वाचायचे. रेघ नागमोडी झाली की आवाज चढला, सरळ झाली की शांतता. लेकीचं पहिलं गाणं कोरायचं म्हणून त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. लेकीच्या मनाला मात्र एकच गोष्ट खात होती. सगळे ऐकतील, बाबा तेवढे ऐकणार नाहीत.

साचे तयार झाले आणि माझा जन्म झाला. काळ्या प्लास्टिकचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबला, कडा कापल्या आणि मी चकाकत बाहेर पडले. माझ्या पाठोपाठ पाचशे बहिणी आल्या. थोरली मी, म्हणून व्यवस्थापकांच्या खोलीत गायिकेसमोर पहिल्यांदा मलाच वाजवलं.

गाणं झकास झालं होतं. पण ते संपल्यावर गायिकेचा हळू आवाज आला, "हे बाबांना ऐकू आलं असतं तर..."

ध्वनिमुद्रण संपल्यावर ती सहज बोलली होती आणि ते फितीवर राहून गेलं होतं. एरवी गाणं संपल्याचं कानाने ओळखून कोरणारा लगेच सुई उचलतो. बाबांना ते कळणार कसं?

व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. सगळ्या वितळवून नव्या काढू, म्हणाले, आणि तुमच्या बाबांना यापुढे कोरायला बसवणं काही खरं नाही.

बाबांना बोलावलं. गायिकेने त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ सावकाश हलवत सांगितलं, की गाण्यानंतरचं तिचं बोलणंही कोरलं गेलंय. बाबांनी मला कडेने धरून उजेडात तिरपं केलं.

"ही रेघ ना? दिसली होती मला. सगळ्यात बारीक हीच. मला वाटलं, गाण्यातलंच काहीतरी असेल, म्हणून सगळ्यात जपून कोरली. काय बोलली होतीस?"

तिने सांगितलं. बाबा तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, मग पोचलं की मला."

गायिकेने डोळे पुसले. एकही तबकडी वितळवायची नाही आणि पुढचं गाणंही बाबाच कोरतील, असं तिने व्यवस्थापकांना ठणकावून सांगितलं. गाणं तिचं होतं, त्यांना मानावंच लागलं. बहिणी दुकानांत गेल्या, रेडिओवर वाजल्या. लोकांनी पत्रं लिहिली ती गाण्याइतकीच त्या शेवटच्या वाक्याबद्दल. मी मात्र बाबांच्या घरी राहिले. दर रविवारी ते मला उजेडात धरून ती रेघ बघायचे. त्यांच्या माघारी मी कितीतरी वर्षं खोक्यात धूळ खात पडले. वाईट वाटायचं, पण मान कधी खाली घातली नाही.

परवा त्यांच्या नातीने मला शोधून काढलं, मऊ फडक्याने पुसलं, कडेला धरून अलगद ठेवलं. शहाणी पोर. पण गाणं संपताच तिने सुई उचलली आणि मला खोक्यात ठेवून दिलं.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, माझ्यावर ओरखडे पाडू नका, एवढं तर सांगतेच. पण कधी मी तुमच्या हाती आले, तर गाणं संपल्यावर जरा थांबा. सगळ्यात जपून कोरलेली रेघ त्याच्यापुढे आहे.