शनीला दिलेली बहीण

माझी थोरली बहीण नीरजा शनीला दिली आहे. लोकांच्या बहिणी चिपळूणला देतात, संगमेश्वरला देतात, फार तर डोंबिवलीला. आमची शनीला.

ती चार वर्षांची असताना गेली, माझ्या जन्माच्या आधी. हे मीच आधी सांगून टाकतो, कारण आई सांगत नाही.

झालं असं. १९९६ च्या मे महिन्यात बाबांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की कॅसिनी नावाचं यान शनीकडे जाणार आहे, आणि कार्डावर सही करून पाठवली तर तीही सोबत जाईल. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी कार्ड आणलं, पत्ता घातला, परदेशची तिकिटं चिकटवली आणि सहीसाठी चांगलं पेन शोधायला आत गेले. तेवढ्यात नीरजाने कार्डावर 'नी' लिहिलं. पुढची अक्षरं तिला येत नव्हती, म्हणून उरलेल्या जागेत तिने मांजर काढलं. बाबांनी ते तसंच पेटीत टाकलं. तिकिटं महाग होती आणि घट्ट चिकटली होती.

ऑगस्टमध्ये वाडीतल्या विहिरींत शेताचं पाणी उतरलं. आमच्याही. वाडीभर जुलाब-उलट्या झाल्या, बाकीचे सगळे उठले. नीरजा दोन दिवसांत गेली.

पुढच्या वर्षी यान उडालं. त्यावर सहा लाखांहून जास्त सह्या होत्या. काहींनी आपल्या खऱ्या मांजरांच्या पंजांचे ठसेही पाठवले होते म्हणे, त्यामुळे आमचं मांजर फारसं उठून दिसलं नसणार.

एवढ्या लहान मुलाचं श्राद्ध करत नाहीत. गुरुजींनी तेव्हाच आईला सांगितलं होतं, "वहिनी, एवढ्याशा जिवाला कसलं कर्म? तिचं काही अडलेलं नाही." ते धीरच देत होते. पण आमच्या घरात गेलेल्या प्रत्येकाला तिथी आहे. पणजोबांच्या दुसऱ्या बायकोलाही आहे, जिचं नाव कुणालाच माहीत नाही. भाद्रपदात एकेकाचं पान वाढलं जायचं, आणि नीरजाचं पान वाढायला दिवसच नव्हता. माणसाला कुठेतरी ठेवावं तर लागतं. आईने तिला शनीवर ठेवलं.

यान २००४ साली पोचलं. बाबा शाळेच्या कॉम्प्युटरवरून कड्यांचे फोटो छापून आणायचे आणि आई ते स्थळाकडचे फोटो बघावेत तसे बघायची.

"ही कडी कसली?"

"बर्फाची. थोडे दगड."

"थंडी असेल." थोड्या वेळाने, "पाऊस?"

"टायटन म्हणून एक चंद्र आहे, त्याच्यावर पडतो. पण पाण्याचा नाही, मिथेनचा."

"म्हणजे गॅसचा?"

"तसंच."

"जपून राहावं लागत असेल," आई म्हणायची आणि फोटो कपाटात ठेवायची.

शनीचे चंद्र तिच्या लेखी नीरजाच्या नणंदा होत्या. बासष्ट आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, एवढ्यांत एखादी तरी चांगली निघेल. आता तो आकडा पावणेतीनशेच्या घरात गेला आहे. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

या सगळ्याचा त्रास आप्पांना व्हायचा. आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बिनलग्नाचे, आमच्यातच राहतात आणि घराचं पंचांग सांभाळतात. मी बारावीला गणितात नापास झालो तेव्हा त्यांनी माझी साडेसाती काढली.

"वेद, दर शनिवारी मारुतीला तेल घालायचं."

"काही नको," आई आतून म्हणाली. "तो आपलं वाईट करायचा नाही. घरचाच आहे."

"शनी कुणाच्या घरचा नसतो गो, हेमा."

"लेक दिलीय आपण त्याला."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "जावई हा दहावा ग्रह, एवढं ऐकून होतो," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "ग्रहच जावई, हे या घरातच बघायचं." पण तेल राहिलं ते राहिलंच. गणित सुटलं ते ऑक्टोबरमध्ये, शनीच्या मदतीशिवाय.

आई हसण्यासारखी बाई आहे असं वाटू नये म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. ती तेव्हापासून पाणी वीस मिनिटं उकळते. शेजाऱ्यांनी काशीहून गंगाजल आणलं, तेही तिने उकळून, गाळून, मगच देवापुढे ठेवलं. आणि मागच्या आगरातल्या विहिरीकडे ती कधी जात नाही. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, पाणी फक्त कलमांना जातं, पण ती तिकडे वाळत घातलेले कपडे आणायलाही मला पाठवते.

२०१७ च्या सप्टेंबरात टीव्हीवर आलं की कॅसिनी शनीच्या वातावरणात पाडणार, आणि ते तिथे जळून जाईल. बाबांना हे उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. त्यांनी पेपर लपवले होते. टीव्ही लपवता आला नाही.

आई जेवणावरून उठली. हात धुऊन आली आणि म्हणाली, "थांबवा म्हणावं त्यांना."

"माझं कोण ऐकणार?"

"मागे तुम्ही कार्ड टाकलंत ते घेतलं ना त्यांनी? मग दुसरं टाका."

बाबांनी कार्ड आणलं. जेवणाच्या टेबलावर बसून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, आईला मराठीत वाचून दाखवल्या आणि सही करून टाकायला गेले. ते पोचेपर्यंत यान राहणार नव्हतं. दोघांनाही माहीत होतं. मी इथे काहीतरी विनोदी बोलणार होतो, पण बाबांनी या खेपेला पेन शोधायला आत न जाता खिशातच आणलं होतं.

शेवटचा दिवस पंधरा सप्टेंबर. दुपारपासून नासाचं थेट प्रक्षेपण होतं, आणि आमच्या घरात इंटरनेटची रेंज एकाच ठिकाणी येते. विहिरीपाशी.

बाबांनी आणि मी लॅपटॉप नेऊन काठावर ठेवला. आई मागच्या दारात उभी राहिली. पाच वाजले तरी तिथेच. बाबांनी तिला बोलावलं नाही. मग ती चप्पल घालून आली, जाळीपासून दोन हात लांब थांबली आणि म्हणाली, "जाळतात कशाला? सोडून द्यायचं. फिरत राहिलं असतं."

"इंधन संपलंय त्याचं," बाबा म्हणाले. "मग ते कुठेही जाऊन आदळेल. तिथे एक छोटा चंद्र आहे. वरून बर्फ, खाली पाणी. यानानेच शोधलं ते. त्या पाण्यात काही जिवंत असेलही."

"मग?"

"यानाला इथले जंतू चिकटलेले असू शकतात. ते त्या पाण्यात जाऊ नयेत."

आई जाळीकडे बघत होती. खाली पाणी काळं होतं, त्यात आभाळाचा तुकडा.

"तिथे कुणी आहे, हे माहीत आहे त्यांना?"

"नाही."

"तरी जाळतायत?"

"तरी."

 आई पुढे आली आणि काठावर, लॅपटॉपच्या शेजारी बसली. "मग जाळू दे," म्हणाली.

पडद्यावर एक हिरवी रेघ होती, मधे उंच टोक असलेली. पाच पंचविसाला टोक खाली बसलं. एकसारखे शर्ट घातलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. बाबा म्हणाले, खरं तर हे तासाभरापूर्वीच झालं, संदेश यायला वेळ लागतो.

"आपल्याला नेहमी नंतरच कळतं," आई म्हणाली. मग तिने ओटीच्या दिशेने आवाज दिला. "आप्पा, आज तिथी काय?"

"दशमी," आप्पांनी तिथूनच सांगितलं. "आपल्याकडे दशमीचं कुणी नाही."

"आता आहे."

आप्पा पंचांग हातात घेऊनच आले. आईला विहिरीवर बसलेली बघून थबकले. "अगो, तिन्हीसांजा होतायत. या वेळेला पान ठेवत नाहीत. आणि लहान मुलाचं तर मुळात..."

"पंचवीस वर्षांची झाली ती, आप्पा."

आप्पांनी पंचांग उघडलं, मिटलं. बहुधा त्यात याबद्दल काही नव्हतं. "केळीचं पान मी कापून आणतो," ते म्हणाले.

आईने घावन केलं आणि नारळाचा गोड रस. नीरजाला आवडायचं, असं बाबांनी मला हळूच सांगितलं. मला ते तोवर माहीत नव्हतं. पान विहिरीच्या काठावर ठेवलं. कावळे केव्हाच झाडांत गेले होते. आम्ही चौघं हात जोडून उभे होतो, तेवढ्यात शेजारचा एक डोळा गेलेला बोका आला आणि घावन खाऊ लागला. आप्पांनी काठी उचलली.

"राहू दे," आई म्हणाली. "तिनेच काढलेलं असेल."

आप्पांनी काठी खाली ठेवली. बोक्याने घावन संपवलं, रस चाटला, आणि पानाशेजारच्या भांड्याकडे वळला.

"हेमा, पाणी..." बाबा म्हणाले.

"उकळलंय," आई म्हणाली.